राग गिळू की बोलून मोकळी होऊ?

पत्र

नमस्कार. माझं वय ३६. ऐरोलीत वन बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो : मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मी ठाण्यात एका बँकेत आहे, नवऱ्याचं ऑफिस लोअर परळला. लग्नाला दहा वर्षं झाली. त्याला व्यसन नाही, हात उचलत नाही, माणूस चांगला आहे. तरी महिन्यातून दोन-तीनदा असं भांडण होतं की पुढे तीन-चार दिवस अबोला.

परवाचंच सांगते. मुलीच्या शाळेची फी भरायचा शेवटचा दिवस. ते काम त्यानेच स्वतःकडे घेतलं होतं. संध्याकाळी दोनदा फोन केला, उचलला नाही. नऊ-सव्वानऊला घरात आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "उद्या बघू." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मागच्या वर्षीचा विम्याचा घोळ, त्याच्या बहिणीला दिलेले पैसे, सगळं बाहेर निघालं. तो मोबाइल घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मी दार वाजवत राहिले. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला : "बायको शांत तर संसार सुखी, अमेरिकेतल्या संशोधनातून सिद्ध."

मावशी म्हणते, बाईने दोन घोट गिळले की घर टिकतं. मैत्रीण म्हणते, मनात ठेवलंस तर बीपी वाढेल, बोलून मोकळी हो. दोन्ही करून झालं. माझा राग हाच आमच्या संसाराचा प्रश्न आहे का? मुलगी हल्ली माझा आवाज चढला की आजीच्या मागे जाऊन उभी राहते.

— एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. अंगावर घेतलेलं काम राहिलं, फोन उचलला नाही आणि वर "उद्या बघू" ऐकलं, तर राग येणं रास्तच आहे. अडतंय ते राग चढल्यानंतरच्या अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासात तुमचा चढलेला आवाज आहे, तसं गॅलरीचं ओढलेलं दारही आहे. त्या घडीला दोघांनाही आपली भावना पेलता आली नाही. तुमची सगळ्यांना ऐकू आली, त्यांची आली नाही, एवढंच.

त्या फॉरवर्डमागे खरं संशोधन आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या गटाने ८० च्या आसपास जोडप्यांचा १३ वर्षं मागोवा घेतला. सगळी जोडपी मध्यमवयीन नाहीतर साठीच्या पुढची. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नवरा-बायकोने समोरासमोर बसून आपल्या वादाच्या विषयावर बोलायचं, आणि त्यात कोणाची चिडचिड किती लवकर खाली येते ते मोजायचं. जिथे बायकोची लवकर खाली आली, तिथे दोघंही संसारात जास्त समाधानी दिसले. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण मोजला होता तो चढलेला राग उतरण्याचा वेग. राग येतच नव्हता असं कोणी म्हटलेलं नाही. दुसरं म्हणजे, या बायकांचं समाधान वाढलं त्यामागे नवरा-बायकोचं कामाचं, मार्ग काढणारं बोलणं होतं. तोंड शिवून बसलेल्या बाईला हा फायदा मिळाल्याचं त्यात कुठेही नाही. आणि ही जोडपी जुन्या पिढीतली, अमेरिकन. घरातल्या सगळ्यांची मनं सांभाळणं हे बाईचंच काम मानलं जायचं त्या काळात लग्न झालेली. त्यावरून "शांत राहणं ही बायकोची ड्युटी" असं ठरवणं चुकीचं आहे, आणि अन्यायाचंही.

मावशींचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो घातक ठरतो. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बायकांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला सांगून ठेवलं होतं की चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही. अशा बाईसमोर बसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या बाईचं ब्लडप्रेशर वाढलं. गिळलेला राग समोरच्याच्या शरीराला कळतो. शिवाय चेहरा कोरा ठेवण्यात डोकं इतकं गुंततं की समोरचा काय बोलला हे नीट लक्षातही राहत नाही, मग पुढच्या भांडणात "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं. तुमचे यजमान गॅलरीत करतात ते हेच गिळणं आहे. मावशींनी तो सल्ला त्यांना दिलेला नाही, पण पाळतायत तेच.

मैत्रिणीचा सल्लाही तितकाच फसवा. भडास काढली की राग निवतो ही समजूत खूप जुनी आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं की शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी होतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी होत नाही. धावायला जाण्याने तर तो वाढण्याकडेच कल होता. विम्याचा घोळ आणि नणंदेचे पैसे त्या रात्री बाहेर निघाले ते यामुळेच. तापलेलं डोकं तापवणाऱ्याच आठवणी शोधतं.

मग करायचं काय? त्या संध्याकाळकडे जरा बारकाईने बघू.

तुमचा राग सव्वानऊला आला नाही. पहिला फोन वाजून वाजून बंद झाला तेव्हा तो सुरू झाला. दुसऱ्या फोननंतर तुमच्या मनाने अर्थ लावला : याला कशाची फिकीरच नाही. पुढचे दोन-तीन तास पोळ्या करताना, मुलीचा अभ्यास घेताना तुम्ही हाच अर्थ उगाळत होतात. ते दारात आले तेव्हा शरीर आधीच भांडणाच्या तयारीत होतं, "उद्या बघू" हे निमित्त. रागाला आवर घालायच्या चार-पाच जागा असतात आणि तुम्ही शेवटच्या, सर्वांत अवघड जागी उभं राहून प्रयत्न करताय. आधीच्या जागा सोप्या आहेत.

पहिली जागा व्यवस्थेची. जे बदलता येतं तिथे मनाला समजावत बसू नका, ती गोष्टच बदला. फी, वीजबिल, विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स यांची यादी करून प्रत्येकापुढे एकाचंच नाव लिहा. शेवटच्या तारखेच्या पाच दिवस आधीची तारीख दोघांच्याही मोबाइलमध्ये घाला. बँकेतून आपोआप जाऊ शकतं ते तसं लावून टाका. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये खिशातून फोन काढणं शक्य नसतं, म्हणून ठाण्याला गाडी बदलताना "ठाणे" एवढा एकच शब्द पाठवायचा असं ठरवा. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं, हातपाय धुऊन चहा किंवा पाणी होईपर्यंत, पैसे आणि तक्रार हे विषय दोघांनीही काढायचे नाहीत. पैशांसाठी वेगळी वेळ ठेवा : शनिवारी किंवा रविवारी सकाळी अर्धा तास, पोट भरलेलं असताना, वही घेऊन.

दुसरी जागा अर्थाची. गाडी उशिरा येणं, बॉसने थांबवून घेणं, हे दोघांच्याही हातात नाही. तिथे अर्थ बदलण्याचा उपयोग होतो. "फिकीर नाही" याच्या शेजारी आणखी दोन शक्यता मनात मांडा : मीटिंग लांबली असेल, किंवा फीचे पैसे खात्यात कमी पडताहेत आणि ते सांगायची लाज वाटतेय. यातली कोणती खरी ते तुम्हाला ठाऊक नाही, विचारल्याशिवाय कळणारही नाही. पण तीन शक्यता मनात असलेलं माणूस दार उघडताना विचारतं. एकच असलेलं माणूस आरोप करतं. यात एक धोका आहे. समजूतदार बायका हे इतकं करतात की नवऱ्याच्या प्रत्येक चुकीला स्वतःच कारण शोधून देतात, आणि बदलायला हवी ती गोष्ट तशीच राहते. संशोधनातही हाच भेद दिसतो : हाताबाहेरच्या ताणात अर्थ बदलणाऱ्यांचं मन बरं राहतं, हातातल्या ताणात मात्र तेच केलं तर बिघडतं. गाडी उशिरा येण्याला नवा अर्थ द्या. सलग तिसऱ्या वेळी फी राहिली तर अर्थ नको, व्यवस्था बदला.

तिसरी जागा भावनेला नेमकं नाव देण्याची. राग हा बऱ्याचदा वरचा थर असतो. त्या संध्याकाळी आत काय होतं : मुलीला वर्गात उभं करतील ही धास्ती? सगळं आपल्यालाच बघावं लागतं हा थकवा? की फोन न उचलल्याने डावललं गेल्याचं दुःख? मनातल्या मनात ते नाव घ्या, किंवा फोनमध्ये एका ओळीत लिहा. भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग थंडावतो, हे मेंदूच्या स्कॅनवर दिसलेलं आहे. "धास्ती वाटली" म्हणणारी बाई आणि "तू बेजबाबदार आहेस" म्हणणारी बाई, दोघींना नवऱ्याकडून मिळणारं उत्तर वेगळं असतं.

आणि एवढं करूनही डोकं फिरलं तर? तेव्हा बोलणं थांबवायचं. हे नीट शिका, कारण बहुतेक घरांत ते चुकीच्या पद्धतीने होतं आणि मग "ब्रेक घेऊन काही होत नाही" असं म्हणून सोडून दिलं जातं.

वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन गॉटमन आणि वर उल्लेख केलेले लेव्हन्सन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या छातीला तारा लावून नाडी मोजली. मिनिटाला १०० च्या वर ठोके गेले की माणसाचं ऐकणं, विनोद समजणं, तोडगा सुचणं सगळं खालावतं. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा : २५ ठोके झाले की थांबायची वेळ. (बीपी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी तशीही कमी राहते, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, आवळलेला जबडा आणि गरम झालेले कान ही खूण धरा.) शरीर पूर्वपदावर यायला किमान २० मिनिटं लागतात, तीही त्या वेळात भांडण उगाळलं नाही तर.

थांबताना वाक्य स्वतःबद्दल हवं आणि त्यात वेळ हवी : "माझं डोकं तापलंय, मला अर्धा तास दे, दहा वाजता बोलू." "तू आधी शांत हो" हे वाक्य वर्ज्य, ते ऐकून कोणी शांत झालेलं नाही. ज्याने वेळ मागितली त्यानेच दहा वाजता येऊन विषय पुन्हा काढायचा. हा नियम पाळला नाही तर थांबणं म्हणजे पळ काढणं होतं आणि समोरचा पुढच्या वेळी दार वाजवत राहतो. तुम्ही दार वाजवत राहिलात त्याचं मूळ इथे आहे : आत गेलेला माणूस कधी बाहेर येईल हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात गॅलरी हीच त्यांची जागा असेल तर असू दे. तुमची जागा गच्ची किंवा इमारतीखालचं आवार. दोन जागा शांत असताना आधीच ठरवा, कारण वन बीएचकेमध्ये ऐनवेळी कोपरा सापडत नाही.

त्या वीस-तीस मिनिटांत श्वास मोजा : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. मग संथ चाला, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. जिन्याने धडाधड वर-खाली करू नका. मावशींना किंवा आईला फोन लावू नका. बाजू घेणारं माणूस भेटलं की राग ताजा होतो. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज टाइप करणंही त्यातलंच. "आता गेल्यावर असं सुनावते" अशी मनातली तालीम सुरू झाली की ओळखा, घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. अशा वेळी आणखी दहा मिनिटं मागून घ्या, पण मागा.

रात्री साडेदहानंतर मात्र वाद पुढे नेऊ नका. "भांडण मिटवूनच झोपावं" असं सांगितलं जातं, ते आम्हाला पटत नाही. झोप कमी झालेल्या जोडप्यांची भांडणं जास्त होतात आणि ती मिटवणंही त्यांना जमत नाही. दोघांपैकी एकाचीच झोप अपुरी असली तरी त्याची झळ दोघांना बसते. "उद्या सकाळी साडेसातला दहा मिनिटं बोलू" असं ठरवा आणि झोपा. हा अबोला नव्हे, कारण वेळ ठरलेली आहे.

परत बसल्यावर पहिली तीन मिनिटं जपा. गॉटमन यांच्या अभ्यासात १५ मिनिटांच्या वादाचा शेवट कसा होणार हे पहिल्या तीन मिनिटांवरून बऱ्यापैकी ओळखता येत होतं. सुरुवात अशी करून बघा : "आज फीचा शेवटचा दिवस होता आणि तुझा फोन लागला नाही, मला धास्ती वाटली. आत्ता दहा मिनिटं बसून ऑनलाइन भरूया का?" घडलेली एकच गोष्ट, तुमची भावना, आणि आज करता येईल असं काम. "तू नेहमी", "तुमच्या घरात सगळेच" आणि मागच्या वर्षीचा विमा यांतलं काही आलं की ती तीन मिनिटं वाया.

आता यजमानांसाठी चार शब्द. हा भाग त्यांना वाचायला द्या. एक जण मागे लागतो, दुसरा आत जातो. जितकं मागे लागावं तितका तो आत जातो. ही जोडी मानसशास्त्रात चांगली अभ्यासलेली आहे. जिला बदल हवा असतो ती मागे लागते आणि आहे तसं ज्याला चालतं तो गप्प बसतो. विषय नवऱ्याच्या मागणीचा असला की बायका-पुरुषांतला हा फरक बराच पुसट होतो. तेव्हा "मी शांत स्वभावाचा, ती तापट" हे चित्र अर्धवट आहे. गप्प बसलेल्या माणसाचीही नाडी बऱ्याचदा शंभरच्या वर असते. त्यांना लांबलचक बोलता येत नसेल तर एक वाक्य पुरे : "फी राहिली, चूक माझी, जेवून झालं की भरतो." त्या रात्री चप्पल काढताना हे वाक्य आलं असतं तर गॅलरीचं दार लागलं नसतं.

दोघांनी मिळून करायचा एक छोटा प्रयोग आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे एलाय फिंकेल यांनी १२० जोडप्यांवर तो केला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दर चार महिन्यांनी सात मिनिटं, म्हणजे वर्षाला २१ मिनिटं लिहायचं. विषय : अलीकडचं एक मोठं भांडण, आणि दोघांचंही भलं चिंतणाऱ्या एखाद्या तिऱ्हाइताला ते कसं दिसलं असतं. त्याला त्यात कोणती चांगली बाजू सापडली असती? भांडताना ही नजर ठेवणं आपल्याला कशामुळे जड जातं, आणि पुढच्या चार महिन्यांत ती कशी टिकवता येईल? पहिल्या वर्षी सगळ्याच जोडप्यांचं समाधान थोडं घसरलं होतं. दुसऱ्या वर्षी न लिहिणाऱ्यांचं घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांचं थांबलं. भांडणांची संख्या लिहिल्याने कमी झाली नाही, भांडणाचा मनस्ताप कमी झाला. दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि एकमेकांना दाखवायची सक्ती नाही. सासूबाईंच्या जागी बसून लिहू नका, त्या तिऱ्हाईत नाहीत.

तब्येतीचंही बघा. चिडचिड अलीकडे सहा महिन्यांत वाढली असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच भांडणं होतात का, हे तीन महिने कॅलेंडरवर खूण करून पाहा. तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. झोप उडणं, कशातच मन न लागणं, रडू येणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते डॉक्टरांचं काम आहे. हे यजमानांनाही लागू. पुरुषांमधलं नैराश्य बऱ्याचदा गप्प राहण्यातून आणि वैतागातून दिसतं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, ऐरोलीहून ती लांबही नाही. यजमान यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. एकाने पावलं बदलली तरी भांडणाची लय बिघडते.

हे सगळं दोघांनाही एकमेकांची भीती वाटत नाही, अशा घरासाठी आहे. तुमच्या घरी हात उचलला जात नाही असं तुम्ही लिहिलंय. पण हे वाचणाऱ्या ज्या बाईला मार, धमकी, पैसे अडवणं, कोंडून ठेवणं सोसावं लागतंय, तिने श्वास मोजत बसू नये. तिच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइन नंबर आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

राहिली मुलगी. मुलांना आईबाबांच्या वादापेक्षा न मिटलेला वाद जास्त जाचतो; वाद मिटताना दिसला तर त्यांची भीती बरीच ओसरते. तुमचं भांडण तिच्यासमोर होतं आणि मिटतं मात्र तीन दिवसांनी, ती झोपल्यावर. पुढच्या वेळी मिटेल तेव्हा दोघांनी तिच्याजवळ बसून सांगा : "काल आम्ही ओरडलो, तू घाबरलीस. तुझी काही चूक नव्हती. फी भरून झाली, आणि पुढच्या वेळी आम्ही ओरडायच्या आधी थांबणार आहोत." कोणाची चूक होती हे तिला विचारू नका, तिने विचारलं तरी निवाडा देऊ नका. ती आजीच्या मागे जाऊन उभी राहिली की हाताला धरून पुढेही ओढू नका. सासूबाईंना एवढंच सांगून ठेवा की अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवण्याऐवजी तिला घेऊन खाली आवारात जा.